डब्याच्या ॲपमधली रिकामी चौकट: अनेक पर्याय निवडायचा फॉर्म कसा बांधायचा

"अगं, टिक नाही म्हणजे हिला दाणे चालतात, की हिने हा प्रश्न वाचलाच नाही?"

परळमधल्या एका बचत गटाच्या स्वयंपाकघरात मावशींनी फोन माझ्यासमोर धरून हे विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या डब्यांसाठी ॲप मीच बनवून दिलं होतं. गिऱ्हाइकाने डब्याचे वार निवडायचे, काय चालत नाही ते निवडायचं, एवढाच फॉर्म. त्या नव्या गिऱ्हाइकाने वार निवडले होते आणि 'काय चालत नाही' खालच्या सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या. त्या दिवशी कोशिंबिरीत दाण्याचं कूट पडणार होतं. मावशींनी वाट न पाहता फोन लावला. पलीकडच्या बाईंना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. फॉर्म त्यांनी लोकलमध्ये उभ्याने भरला होता, ती यादी स्क्रीनच्या खाली राहिली होती आणि त्यांना दिसलीच नव्हती.

चूक माझ्या फॉर्मची होती. मी तो पुन्हा पहिल्यापासून बांधला, आणि ती बांधणी इथे पायरीपायरीने मांडते आहे. ॲप फ्लटरमध्ये आहे (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवायचं साधन), म्हणून उदाहरणं जास्त करून फ्लटरची आहेत. जेटपॅक कंपोज (अँड्रॉइडसाठी), स्विफ्टयूआय (ॲपलसाठी) आणि रिॲक्ट नेटिव्ह (दोन्हींसाठी) या साधनांमध्ये जिथे वाट वेगळी आहे तिथे तेही सांगते.

पायरी १: चौकट कुठे आणि गोल कुठे

हे पटकन उरकू. एकच उत्तर शक्य असेल तर गोल रेडिओ बटण: पोळ्या ३, ४ की ५. एकाहून अधिक उत्तरं शक्य असतील तर चौकट. आणि बोट लावताक्षणी लागू होणारी गोष्ट असेल, जसं 'उद्याचा डबा बंद', तर स्विच. चौकटीतली निवड 'जतन करा' दाबल्यावर लागू होते, स्विचची लगेच होते. लोकांना फोनच्या सेटिंग्जमुळे ही सवय झालेली आहे, ती मोडू नये.

छोट्या शब्दांसाठी चिप, म्हणजे एकेका शब्दाची दाबता येणारी गोळी, चांगल्या. सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि हे सहा वार चिपमध्ये एक-दोन ओळींत बसतात. फ्लटरमध्ये त्यासाठी 'फिल्टरचिप' आहे. खाण्याच्या पथ्याची यादी मात्र मी चिपमध्ये घालणार नाही. तिथे प्रत्येक ओळ सावकाश वाचली जायला हवी.

पायरी २: कोड लिहिण्याआधी वाक्यं लिहा

माझ्या पहिल्या फॉर्ममध्ये मथळा होता 'काय चालत नाही?' आणि खाली ओळी होत्या 'कांदा', 'लसूण', 'शेंगदाणे'. मथळा वर सरकून दिसेनासा झाला की उरतं काय? 'कांदा' आणि शेजारी बरोबरची खूण. बरोबरची खूण पाहून 'कांदा हवा' असंच कोणालाही वाटेल. म्हणून प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी राहणारी लिहा: 'कांदा चालत नाही', 'शेंगदाण्याची ॲलर्जी आहे'. अंध व्यक्ती टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून फॉर्म ऐकते तेव्हा तिलाही एका वेळी एकच ओळ ऐकू येते, मथळा कधीच मागे पडलेला असतो.

यात मराठीचा एक खास धोका आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. छोट्या स्क्रीनवर अक्षरं मोठी केलेली असली आणि जागा संपली की मजकूर कापून तीन टिंबं टाकायची सोय सगळ्याच फ्रेमवर्कमध्ये आहे. 'लसूण चालत नाही' हे कापलं गेलं की 'लसूण चालत…' उरतं. अर्थ उलटा झाला! पथ्याच्या ओळींना टिंबांची सोय कधीच लावू नका. मजकूर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर जाऊ द्या. ओळीची उंची पक्की ठरवायची नाही, फक्त किमान उंची द्यायची.

आवडनिवड आणि ॲलर्जी एका यादीत मिसळू नका. 'वांगं आवडत नाही' आणि 'शेंगदाण्याची ॲलर्जी आहे' यांचं वजन स्वयंपाकघरात अगदी वेगळं असतं. आमच्या फॉर्ममध्ये आता ते दोन प्रश्न आहेत, आणि ॲलर्जीचा आधी येतो.

पायरी ३: काय साठवायचं

मुंबईत १८९० पासून डबेवाले डबे पोहोचवतात. डब्याच्या झाकणावर ते पूर्ण पत्ता लिहीत नाहीत. कुठून उचलायचा, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला, हे थोड्याशा अक्षरांत, आकड्यांत आणि रंगांत असतं. इमारतीचं नाव बदललं तरी खूण तीच राहू शकते. पर्यायांचंही असंच ठेवा. स्क्रीनवर दिसणारं वाक्य वेगळं आणि साठवायचा कोड वेगळा. मी सुरुवातीला वाक्यच डेटाबेसमध्ये टाकत होते. मग कोणीतरी 'दाण्याचा कूट' हे सुधारून 'दाण्याचं कूट' केलं आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या निवडी कशाशीच जुळेनात. देवनागरीत तर दिसायला सारखा शब्दही आतून वेगळा असू शकतो: 'र्‍य' लिहिताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह एका कीबोर्डवर पडतं, दुसऱ्यावर पडत नाही. वाक्याची वाक्याशी तुलना करून कधीच निर्णय घेऊ नका.

एकदा दिलेला कोड पुन्हा दुसऱ्या अर्थाने वापरायचा नाही. पर्याय बंद झाला तर यादीत 'आता दाखवू नका' अशी नोंद करा, पण ओळ पुसू नका. जुन्या मागण्या वाचायला तो लागतो.

निवड स्मृतीत ठेवायला संच, म्हणजे 'सेट' योग्य. त्यात एकच कोड दोनदा बसत नाही आणि 'हा निवडलाय का' हे लगेच कळतं. सर्व्हरकडे पाठवताना मात्र जेसनमध्ये (ज्या मजकुराच्या साच्यात माहिती पाठवतात त्यात) संच हा प्रकार नाही, म्हणून यादी करून पाठवायची आणि पाठवण्याआधी ती ठरलेल्या क्रमाने लावायची. नाहीतर तीच निवड दोन वेगळ्या क्रमांनी येते आणि बदल नसताना बदल दिसतो. डार्टमध्ये, म्हणजे फ्लटरच्या भाषेत, आणखी एक खाचखळगा: दोन संचांत तेच घटक असले तरी साध्या बरोबरीच्या चिन्हाने ते समान ठरत नाहीत. 'सेटइक्वल्स' हे फंक्शन वापरा.

वारांसाठी बिटचा हिशोब करायचा मोह होतो: प्रत्येक वाराला दुप्पट होत जाणारा आकडा द्यायचा आणि निवडलेल्यांची बेरीज साठवायची. सोमवार १, मंगळवार २, बुधवार ४, गुरुवार ८, शुक्रवार १६, शनिवार ३२. सोम-बुध-शुक्र म्हणजे २१, सहाही वार म्हणजे ६३. एकाच आकड्यात आठवडा मावतो आणि वार काही वाढणार नाहीत, तेव्हा चालेल असं मलाही वाटलं. पण सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, आणि फोर्टमधल्या बँकेत काम करणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमका 'पहिला, तिसरा, पाचवा शनिवार' हवा होता. तो त्या आकड्यात बसेना. गिऱ्हाईक, पर्याय आणि लागू असण्याची तारीख अशा तीन रकान्यांची वेगळी सारणी केली आणि प्रश्न मिटला. तारखेचा रकाना श्रावणात उपयोगी पडला. महिनाभरच कांदा-लसूण सोडणारी बरीच माणसं असतात.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. ब्राउझरमधल्या साध्या वेब फॉर्ममध्ये टिक न केलेली चौकट सर्व्हरकडे जातच नाही. तिचं नावसुद्धा पोहोचत नाही. ॲप लिहिताना आपणही नकळत हीच सवय घेऊन येतो. सुरुवातीलाच रिकामा संच तयार करतो, आणि 'उत्तर दिलेलं नाही' व 'काहीच निवडायचं नाही' या दोन्हींना तो एकच रिकामा संच पुरतो. त्याऐवजी तीन अवस्था वेगळ्या ठेवा:

- मूल्यच नाही, म्हणजे 'नल': माणसाने अजून उत्तर दिलेलं नाही.
- रिकामी यादी: माणसाने सांगितलं की कशाचंही पथ्य नाही.
- भरलेली यादी: हे हे चालत नाही.

डेटाबेसच्या रकान्याला 'काही नसेल तर रिकामी यादी' असं डीफॉल्ट देऊ नका. सगळी मेहनत त्या एका ओळीत वाया जाते. जोडीला उत्तर कधी दिलं ती वेळही साठवा.

पायरी ४: रिकाम्याला आवाज द्या

'कशाचंही पथ्य नाही' ही वेगळी अवस्था डेटाबेसमध्ये केली, पण माणसाने ती व्यक्त कशी करायची? यादीच्या शेवटी एक ओळ घाला: 'यांपैकी कशाचीही ॲलर्जी नाही'. थोडी वेगळी, वर बारीक रेघ मारून. ही ओळ निवडली की बाकीच्या सुटतात, आणि बाकीची कुठलीही निवडली की ही सुटते. नियम असा (टॉगल म्हणजे टिक असेल तर काढणे, नसेल तर लावणे):

टॉगल (निवड, कोड):
  नवी = निवडीची प्रत; निवड नसेल तर रिकामा संच
  नवीमध्ये कोड असेल तर तो काढा
  नसेल तर:
    कोड 'काहीच नाही' असेल तर नवी = फक्त 'काहीच नाही'
    एरवी नवीतून 'काहीच नाही' काढा आणि कोड घाला
  नवी रिकामी असेल तर 'नल' परत द्या, एरवी नवी परत द्या

'काहीच नाही' हा कोड स्क्रीनपुरता आहे. सर्व्हरकडे जाताना त्याची रिकामी यादी होते, आणि परत आल्यावर रिकाम्या यादीचा पुन्हा 'काहीच नाही' होतो.

पहिल्या ओळीतल्या 'प्रत' या शब्दाकडे लक्ष द्या. आहे तोच संच आतून बदलला तर कंपोज, रिॲक्ट आणि फ्लटरमधली स्टेट (स्क्रीनची त्या क्षणाची माहिती) सांभाळणारी बहुतेक पॅकेजेस 'काही बदललं नाही' असं धरून चालतात, कारण त्यांच्या दृष्टीने वस्तू तीच असते. बोट लागतं, टिक उमटत नाही, आणि दुपारभर आपण शोधत बसतो. दर वेळी नवा संच करा.

एखाद्याने पाच ओळी निवडल्या आणि चुकून 'काहीच नाही'ला बोट लागलं तर पाचही पुसल्या जातील. खाली काही सेकंद 'पूर्ववत करा' अशी पट्टी दाखवा. 'इतर' निवडल्यावर उघडणाऱ्या रकान्यात लिहिलेलं असेल तर तेही लपवा, पण फोनवरच्या कच्च्या नोंदीत (पायरी ८) ठेवा.

पायरी ५: ओळ बांधणे

संपूर्ण ओळ बोटाला प्रतिसाद देणारी हवी, नुसती चौकट पुरत नाही. अँड्रॉइडच्या मटेरियल मार्गदर्शनात बोटाच्या जागेचं किमान माप ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) आहे, ॲपलचं ४४ पॉइंट. एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, कुर्ला ते दादर या टप्प्यात फॉर्म भरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. मी ओळी ५६ डीपीच्या ठेवल्या.

फ्लटर: 'चेकबॉक्सलिस्टटाइल' पूर्ण ओळ दाबता येणारी देतं. मात्र त्यात चौकट उजव्या टोकाला येते. लांब मराठी वाक्य आणि चौकट यांत अंतर पडतं. 'कंट्रोलॲफिनिटी'ला 'लीडिंग' देऊन ती डावीकडे आणा. आणखी एक: टिकची अवस्था त्या ओळीच्या स्वतःच्या स्टेटमध्ये ठेवू नका. लांब यादीत ओळ स्क्रीनबाहेर गेली की ती स्टेट टाकून दिली जाते आणि परत आल्यावर टिक गायब. निवड नेहमी वर, फॉर्मकडे असावी. ओळीने फक्त दाखवावं आणि कळवावं. जुन्या अँड्रॉइडच्या 'रिसायकलरव्ह्यू'त हाच आजार वेगळ्या रूपात दिसतो: तीच ओळ पुन्हा वापरली जाते आणि टिक भलत्याच पर्यायावर उमटते. तिथे आधी लिसनर (टिक बदलल्यावर चालणारा कोड) काढायचा, मग अवस्था लावायची, मग लिसनर परत जोडायचा.

कंपोज: 'रो'ला 'टॉगलेबल' मॉडिफायर द्या, भूमिका 'चेकबॉक्स' सांगा, आणि आतल्या चौकटीचं 'ऑनचेक्डचेंज' नल ठेवा. असं केलं की बोट आणि टॉकबॅक दोघांनाही पूर्ण ओळ ही एकच वस्तू दिसते.

स्विफ्टयूआय: आयफोनवर तयार चौकट मिळत नाही. 'टॉगल'ची चेकबॉक्स शैली फक्त मॅकवर आहे; आयफोनवर टॉगल म्हणजे स्विच. म्हणून ओळ हे बटण करा, शेवटी बरोबरची खूण दाखवा आणि निवडलेल्या ओळीला 'सिलेक्टेड' हे ॲक्सेसिबिलिटी लक्षण जोडा. 'लिस्ट'ला संच जोडून अनेक ओळी निवडता येतात, पण आयफोनवर ते एडिट मोडमध्ये चालतं आणि फॉर्ममध्ये परकं वाटतं.

रिॲक्ट नेटिव्ह: मूळ गाभ्यातली चौकट केव्हाच काढून टाकली आहे. समुदायाचं पॅकेज घ्या किंवा 'प्रेसेबल'ची स्वतःची ओळ करा. भूमिका 'चेकबॉक्स' आणि 'चेक्ड' अवस्था खरं, खोटं किंवा 'मिक्स्ड' अशी द्यायला विसरू नका.

निवडलेल्या ओळी आपोआप वर सरकवण्याचा खेळ नको. बोट खाली येत असताना ओळ हलली की चुकीचा पर्याय लागतो. क्रम मी बाराखडीचा ठेवला नाही. पुष्कळांना लागणारी ॲलर्जी वर, विरळा खाली, असा तो मावशींकडून ठरवून घेतला.

पायरी ६: 'सगळे निवडा' आणि जैन डबा

इथे मी सर्वात जास्त वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला.

सहा वारांच्या वर 'रोज' अशी एक मोठी चौकट हवी होती. सहाही निवडले तर तिच्यात टिक, एकही नसेल तर रिकामी, फक्त काही निवडले असतील तर आडवी रेघ. ही अर्धी अवस्था फ्लटरमध्ये 'ट्रायस्टेट' सुरू करून आणि नल मूल्य देऊन मिळते, कंपोजमध्ये 'ट्रायस्टेटचेकबॉक्स'ने. मोठ्या चौकटीची अवस्था साठवू नका, दर वेळी खालच्या वारांवरून काढा. आणि ती दाबल्यावर काय व्हावं ते स्वतः ठरवा: सगळे निवडलेले असतील तर सगळे सोडा, एरवी सगळे निवडा. फ्लटरची चौकट तीन अवस्थांत फिरताना रिकामी, टिक, रेघ, पुन्हा रिकामी असं चक्र घेते. स्पर्शानंतर चौकटीने कळवलेलं (कॉलबॅकमधून आलेलं) मूल्य तसंच वापरलं तर 'टिक'नंतरच्या स्पर्शाने रेघ येते, आणि माणसाने काही अर्धं निवडलेलंच नसतं. त्या मूल्याकडे दुर्लक्ष करा.

मग त्याच पद्धतीने मी 'जैन डबा' केला. खाली चार ओळी: कांदा, लसूण, बटाटा, गाजर-मुळा-बीट. चारही निवडल्या की वर 'जैन डबा'ला टिक. दिसायला नेमकं तेच. काही दिवसांनी मावशी म्हणाल्या, "अगं, सुरण राहिलं की यात." मी पाचवी ओळ घातली, आणि त्या क्षणी सगळ्या जुन्या जैन गिऱ्हाइकांची चौकट अर्धी झाली, कारण त्यांनी सुरणाला टिक केलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या यादीत ते सगळे 'सुरण चालतं' असे दिसू लागले. ती यादी छापायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

'रोज' हा निव्वळ शॉर्टकट आहे. उद्या रविवारीही डबे सुरू झाले तर आज 'रोज' निवडलेल्या माणसाला रविवारचा डबा आपण परस्पर लावू शकत नाही. त्याने सहा वार निवडले होते, सहाच राहतील. 'जैन डबा' मात्र माणसाची स्वतंत्र निवड आहे. त्याने चार भाज्या मोजून वगळलेल्या नाहीत, त्याने आचार सांगितला आहे. त्यात कोणते पदार्थ येतात हे स्वयंपाकघराने जाणायचं. म्हणून 'जैन डबा' हा आपला स्वतःचा कोड घेऊन साठवला जातो आणि त्याचा विस्तार पदार्थांच्या यादीत एकाच जागी होतो. मोठी चौकट करण्याआधी हे विचारून घ्या: यादीत उद्या नवा पर्याय आला तर आज 'सगळं' म्हटलेल्या माणसाला तो लागू व्हायला हवा का? हो असेल तर तिला स्वतःचा कोड द्या, नाही असेल तर शॉर्टकट ठेवा.

पायरी ७: तपासणी आणि चुकीचा संदेश

आठवड्याला किमान ३ डबे हा गटाचा नियम. पहिल्या टिकलाच लाल अक्षरांत ओरडू नका. माणूस अजून निवडतोय. 'पुढे' दाबल्यावर तपासा आणि त्यानंतर प्रत्येक टिकबरोबर संदेश ताजा करा. 'अवैध निवड' या शब्दांनी कोणालाच काही कळत नाही. 'किमान ३ दिवस निवडा, आत्ता २ निवडले आहेत' असं लिहा. 'पुढे' बटण मुकं करून ठेवायची पद्धत मला पटत नाही, कारण काय राहिलंय ते बटण सांगत नाही. बटण चालू ठेवा आणि दाबल्यावर राहिलेल्या प्रश्नापाशी स्क्रीन आपोआप सरकवा.

फ्लटरमध्ये आपला संच 'फॉर्मफील्ड'मध्ये गुंडाळला की तपासणी बाकीच्या फॉर्मबरोबर होते. पण सावध राहा. फॉर्म 'लिस्टव्ह्यू'त असेल तर स्क्रीनबाहेरचे प्रश्न अजून बांधलेलेच नसू शकतात, आणि न बांधलेला प्रश्न 'व्हॅलिडेट' तपासत नाही. म्हणजे जी यादी दिसली नाही तीच तपासणीतून सुटते. त्या बाईंच्या बाबतीत नेमकं हेच होऊ शकलं असतं, ॲलर्जीचा प्रश्न मी अनिवार्य केला असता तरीही. छोट्या फॉर्मला 'सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू' आणि 'कॉलम' वापरा. त्याहून भक्कम उपाय म्हणजे विजेटवर (स्क्रीनवरच्या घटकावर) न विसंबता साठवायच्या डेटाचीच तपासणी करणे, आणि तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करणे. मी दोन्ही करते.

पायरी ८: गाडीतला नेटवर्क आणि मरणारं ॲप

प्रत्येक टिकबरोबर कच्ची नोंद फोनवरच लिहा. काही अक्षरांची यादी आहे, खर्च नाही. मध्येच फोन येतो, माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि कमी मेमरीचा अँड्रॉइड आपलं ॲप मागच्या मागे बंद करतो. परत आल्यावर रिकामा फॉर्म दिसला तर तो पुन्हा कोणी भरत नाही. कंपोजमध्ये 'रिमेंबरसेव्हेबल' किंवा 'सेव्हडस्टेटहँडल' आहे.

सर्व्हरकडे 'कांदा घाला', 'लसूण काढा' असे तुकडे पाठवू नका. नेटवर्क तुटून तोच तुकडा दोनदा गेला किंवा क्रम बदलला की निवड बिघडते. दर वेळी पूर्ण यादी पाठवा, बरोबर आवृत्तीचा क्रमांक द्या. तीच यादी तीनदा पोहोचली तरी परिणाम एकच राहतो, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून कोणी मध्ये बदल केला असेल तर सर्व्हरला क्रमांकावरून कळतं.

पायरी ९: मराठीचं व्याकरण आणि आकडे

'% निवडले' असा एकच साचा करून सगळीकडे वापरला तर '१ दिवस निवडले' आणि '३ भाज्या निवडले' अशी वाक्यं बाहेर पडतात. आपलं क्रियापद लिंग आणि वचन पाहून बदलतं: १ दिवस निवडला, ३ दिवस निवडले, १ भाजी निवडली, ३ भाज्या निवडल्या. प्रत्येक नामासाठी पूर्ण वाक्य अनेकवचनाच्या संसाधनात वेगळं लिहा. मेहनत अर्ध्या तासाची, पण परकं वाटणारं ॲप त्यामुळे आपलं वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. फोनची भाषा मराठी असेल तर आकडे छापणारी फंक्शन्स देवनागरी अंक देतात. स्क्रीनवर ते सुंदर दिसतात. पण तेच फंक्शन वापरून सर्व्हरकडे तारीख किंवा संख्या पाठवली तर तीही देवनागरीत जाते आणि सर्व्हर ती नाकारतो. माझ्या स्वतःच्या फोनची भाषा इंग्रजी होती, म्हणून मला हे कधी दिसलंच नाही. पाठवायच्या मजकुरासाठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) स्पष्ट सांगा, कोटलिन या अँड्रॉइडच्या भाषेत 'लोकेल.रूट'.

पायरी १०: दिसणं, ऐकू येणं, संमती

निवड केवळ रंगाने दाखवू नका. टिकची खूण हवीच. चौकटीची कड आणि पार्श्वभूमी यांत किमान ३:१ आणि मजकुरात ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट ही जागतिक सुगम्यता निकषांची मर्यादा आहे. फिकट राखाडी कड उन्हात, प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहा, ती नाहीशी होते. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. त्या मापावर प्रत्येक ओळ वाचून काढा. रफार आणि वेलांट्या कापल्या जात असतील तर ओळीतलं अंतर वाढवा.

संमतीची चौकट कधीही आधीच टिक करून देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असं म्हटलं आहे, आणि तिची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता येण्याचा पर्याय द्यायचा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला फसवणारी मांडणी) विषयक मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला न विचारता मागणीत वस्तू घुसवणं हा प्रकार नाव घेऊन नोंदवला आहे. 'ताक जोडा, २० रुपये' ही चौकट आमच्याकडे रिकामीच उघडते.

पायरी ११: तपासून पाहणे

एमुलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनवर, समाधान मानू नका. फोनची भाषा मराठी करा, अक्षरं सर्वात मोठी करा, टॉकबॅक लावा आणि डोळे मिटून फॉर्म भरा. डेव्हलपर पर्यायांत 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' (सोडलेली स्क्रीन लगेच बंद करणारी सोय) चालू करून अर्ध्या फॉर्ममधून बाहेर जाऊन परत या. विमान मोड लावून जतन करा, मग काढा. टॉगलच्या नियमाला स्वतंत्र युनिट चाचण्या लिहा: नलवरून एक टिक, तीच टिक काढल्यावर परत नल, पाच टिकनंतर 'काहीच नाही', 'काहीच नाही'नंतर शेंगदाणे. आणि एक चाचणी अशी लिहा जिच्यात माणूस फक्त वार निवडून 'पुढे' दाबतो. ती चाचणी मी सगळ्यांत आधी लिहायला हवी होती.

पायरी १२: ओट्याजवळचा कागद

ही सगळी निवड शेवटी पोहोचते ती ओट्याशेजारी खिळ्याला लावलेल्या कागदावर. पहाटे साडेपाचला तो छापला जातो. पूर्वी त्यावर नाव आणि 'नको' असे दोनच रकाने होते. आता ॲलर्जीच्या रकान्यात तीनपैकी एक गोष्ट असते: पदार्थांची नावं, 'काही नाही', किंवा ठळक अक्षरांत 'विचारलेलं नाही'. ॲप सुरू झाल्यापासूनची जी जुनी गिऱ्हाइकं होती, त्यांच्या रिकाम्या याद्या मी आपल्या मनाने 'काही नाही' केल्या नाहीत. त्या सगळ्या 'विचारलेलं नाही'मध्ये टाकल्या. पहिल्या सकाळी कागदावर तेच शब्द ओळीमागून ओळ आले. मावशींनी पेन घेतलं, आठ वाजेपर्यंत एकेकाला फोन लावला, आणि तोवर दाण्याचं कूट डब्यात न घालता वेगळ्या वाटीत झाकून ठेवलं.